टीसीकाकांची आंघोळ

आमच्या बाईंना सगळे फिनेलबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. मी अँब्युलन्स चालवतो, बाई मागे पेशंटजवळ असतात. नर्स म्हणून उभी हयात त्यांनी वॉर्डात काढली आणि निवृत्तीला टेकल्यावर, लोक जरा बूड टेकायचं बघतात तेव्हा, या धावत्या गाडीवर बदली मागून घेतली. नाक असं तिखट, की मी सकाळी कांदा खाल्ला की नाही हे त्या गाडीत चढायच्या आधी सांगतात.

त्यांचं नाव पडलं त्याला एक आजी कारण झाली. एका वृद्धाश्रमातून आजीला ताप आहे म्हणून फोन आला. आमची उचलायची रीत साधी आहे. पेशंटच्या अंगाखालच्या चादरीची टोकं धरायची आणि चादरीसकट त्याला स्ट्रेचरवर घ्यायचं. आम्ही टोकं धरली, उचललं, आणि मग बाईंना आजीची पाठ बघायची होती म्हणून त्यांनी चादर सोडवायला घेतली. चादर सुटेना. ती आजीच्या पाठीला चिकटली होती. कुणी किती दिवस तिला कुशीवर वळवलं नव्हतं, देव जाणे. वास असा, की मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. बाईंनी कोमट पाणी मागवलं, चादर भिजवून भिजवून सोडवली, आजीला व्यवस्थित गाडीत ठेवलं आणि मग परत आत गेल्या. ऑफिसात भेटीला आलेले नातेवाईक बसले होते. त्यांच्यासमोर बाईंच्या तोंडाचा पट्टा जो सुटला, तो अर्ध्या गल्लीनं ऐकला.

"माणसं आहेत की सडकी भाजी? पुन्हा असा पेशंट माझ्या हातात दिलात ना, तर गाडीत घेणार नाही. दारात उभी राहीन आणि सगळ्यांना बोलावून दाखवीन."

त्यानंतर ते त्यांचं पालुपदच झालं. कुठल्याही आश्रमात गेलो आणि कपडे मळके दिसले, नखं वाढलेली दिसली, की बाई सुरू. घेणार नाही, नेणार नाही. न्यायच्या मात्र सगळ्यांना. आजवर एकाही पेशंटला त्यांनी दारातून परत पाठवलं नाही. पण हे मला माहीत. आश्रमवाल्यांना कुठून माहीत असणार?

धाक मात्र बसला. आमच्या भागातल्या आश्रमांतून पेशंट असे निघायला लागले, की जणू लग्नाला चाललेत. केस विंचरलेले, पावडर लावलेली, पायांत नवेकोरे मोजे. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणायचे, फिनेलबाईंनी इलाखा सुधारला. बाई वरवर नाक उडवायच्या, पण चाल बदलायची त्यांची. आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त खूश मी होतो. पेशंटनं गाडीत केलेली घाण धुणं माझ्याकडे असतं. बाई कुठे ढिल्या पडल्याशा वाटल्या, की मीच त्यांना चढवायचो. म्हणायचो, बाई, त्या कोपऱ्यावरच्या आश्रमाला जरा डोस द्यायला पाहिजे. आणि त्या द्यायच्या.

तर त्या दिवशी भर दुपारी फोन आला. बाजारामागचा दुमजली आश्रम, वरच्या मजल्यावर एका आजोबांचं तोंड वाकडं झालंय, बोलत नाहीत. आश्रमाच्या मॅनेजर मॅडम फाटकातच उभ्या होत्या. आम्ही जिना चढत असताना त्या मागून सांगत होत्या, की आत्ताच झालं हो, जेवायला बसवतच होतो, लगेच फोन केला. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. मी मनात म्हटलं, एकदा ऐकलं की मॅडम, बहिरे नाही आम्ही.

खोलीत खाटा ओळीनं होत्या, भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता, आणि साबणाचा वास येत होता. आजोबांना मी ओळखलं. ते टीसीकाका. रेल्वेत तिकीट तपासायचे. मागे एकदा पडले होते तेव्हा त्यांना आम्हीच नेलं होतं. तेव्हा गाडीत चढवताना मला म्हणाले होते, "तिकीट नाही काढलेलं मी, उतरवणार का?" आयुष्यभर भर डब्यात दुसऱ्यांना खाली मान घालायला लावली, आता माझी पाळी, असंही म्हणाले आणि स्वतःच हसले. तो माणूस आता खाटेवर उशीला टेकवून बसवलेला होता. उजवा गाल लोंबत होता, उजवा हात मांडीवर तसाच पडला होता, डोळे मात्र जागे होते आणि आमच्या मागे मागे फिरत होते. दाढी गुळगुळीत, केस पाण्यानं चापून भांग पाडलेला, मानेला पावडर, अंगात निळा शर्ट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या.

बाई कामाला लागल्या. रक्तदाब घेतला, साखर तपासली, ऑक्सिजन लावला. काका, माझा हात दाबा. डाव्या हातानं त्यांनी दाबला. काका, हसून दाखवा. अर्धं तोंड हललं. मग ऑक्सिजनचा मास्क नीट बसवायला बाईंनी त्यांचा गाल बोटानं वर केला आणि तशाच थांबल्या. उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्याशी, बारीक बारीक कापलेलं होतं. डावा गाल कसा स्वच्छ होता. कापल्या जागी रक्त सुकून काळं पडलं होतं.

मी रोज दाढी करतो, त्यामुळे मलाही ते उमगायला वेळ लागला नाही. दाढी करताना माणूस आतून जीभ लावून गाल ताठ करतो. गालात जीव नसेल तर कातडी वस्तऱ्याखाली गोळा होते आणि कापते. म्हणजे दाढी केली तेव्हा तो गाल लोंबतच होता. आणि रक्त सुकून काळं पडेपर्यंतचा वेळ त्यानंतर गेला होता. बाईंनी शर्टाची कॉलर चिमटीत धरून बघितली. ती दमट होती.

एरवी एवढ्यात बाईंनी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी फक्त कॉलर सोडून नीट केली. मॅडम फाटक उघडायला खाली गेल्या तशा त्यांनी कोपऱ्यातल्या मावशींना जवळ बोलावलं. मावशी म्हणजे त्या मजल्यावरच्या आया. चाळिशीच्या, हात पाण्यानं पांढरे पडलेले, पदराला पुशीत उभ्या होत्या.

"दाढी तुम्ही केलीत?" बाईंनी हळू विचारलं. मावशींनी मान डोलावली.

"तोंड तेव्हाच वाकडं होतं?"

मावशींनी दाराकडे बघितलं. मग त्यांना जे रडू फुटलं, त्यातूनच सगळं बाहेर आलं. सकाळचा नाश्ता काकांनी स्वतःच्या हातानं केला होता. पेपर वाचायला बसले आणि पेपर हातातून गळाला. मावशींनी येऊन बघितलं तर तोंड वाकडं, कपडे खराब झालेले. त्यांनी पळत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आधी आवरा त्यांचं, असं कसं द्यायचं? मजल्यावर मावशी एकट्या. बाकीच्यांचं आंघोळ-पाणी, गोळ्या, त्यात मध्येच काकांसाठी पाणी तापवलं. ओलं अंग एकटीनं धरवेना म्हणून खालच्या स्वयंपाकीणबाईंची वाट बघितली. मग आंघोळ, मग दाढी. आणि काकांचा धड असा एकच शर्ट, तो सकाळीच धुऊन दोरीवर टाकलेला.

"मॅडम म्हणाल्या, वाळू दे तेवढा. फिनेलबाई यायच्यात," मावशी म्हणाल्या आणि जीभ चावली. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, की अहो, मळका शर्ट घालून दिलं असतंत तरी चाललं असतं.

मावशींनी वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुम्ही घेत नाही ना तसा पेशंट," त्या म्हणाल्या. "नसता घेतलात तर मी काकांना कुठं नेणार होते?"

बाईंनी चादरीचं टोक धरलं. मी दुसरं धरलं. आम्ही काकांना उचललं.

गाडी मी अशी हाणली, की विचारू नका. सिग्नल तोडले, दोन शिव्या खाल्ल्या, दोन दिल्या. सकाळी बसून घालवलेला वेळ दुपारी चाकं पळवून परत येत नसतो, हे मला कळत होतं, तरी ॲक्सिलरेटरवरचा पाय उठत नव्हता. एरवी मागच्या खिडकीतून बाईंची बडबड चालू असते, काका झोपायचं नाही, काका माझ्याकडे बघा. त्या दिवशी मागून फक्त मशीनचा आवाज येत होता. एकदा आरशात बघितलं तर बाई काकांच्या गालावरचे काप ओल्या कापसानं पुसत होत्या.

हॉस्पिटलच्या दारातच डॉक्टर उभे होते. अशा पेशंटला एक इंजेक्शन देतात, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं. त्याला मुदत असते. सुरुवातीच्या काही तासांत दिलं तर माणूस चालत घरी जाऊ शकतो. मुदत उलटल्यावर दिलं, तर तेच इंजेक्शन मेंदूत रक्तस्राव करून त्याला मारू शकतं. म्हणून आम्ही स्ट्रेचर आत घेतलं, की पहिला प्रश्न ठरलेला.

"सुरू कधी झालं?"

मी स्ट्रेचरच्या पायाशी होतो, बाई डोक्याशी. बाई म्हणाल्या, "आश्रमातून सांगितलंय, आत्ताच. जेवणाआधी."

यात शब्द खोटा एकही नव्हता. आश्रमातून तसंच सांगितलं होतं. मी बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आणि मी काय केलं? मला तोंड होतं, मला सगळं माहीत होतं, डॉक्टर माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी बुटांच्या नाड्या बघत राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात आलं, आणि मनात आलं याचीच पुढे किती दिवस शिसारी येत राहिली. डॉक्टरांनी इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं आणि काकांना स्कॅनला नेलं. डोक्यात आधीच रक्तस्राव नाही एवढं दिसलं, की लगेच देणार होते.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळानं काकांची मुलगी धावत आली. चष्म्याच्या दुकानात काम करते, गळ्यात दुकानाचा बिल्ला तसाच होता. स्कॅन चाललंय, एवढं मी तिला सांगितलं. तिनं दाराच्या काचेतून वडलांना पाहिलं आणि ती आमच्याकडे वळली. बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुम्हीच ना त्या? बाबा सांगायचे तुमच्याबद्दल. सगळ्या आश्रमांना वठणीवर आणलंत म्हणून." तिचा श्वास लागला होता. "मला रोज जायला जमत नाही हो. घरी सासूबाई अंथरुणाला आहेत. पण आज बघितलं ना मी, किती स्वच्छ ठेवलंय त्यांना. तेवढाच एक जिवाला आधार."

बाईंचा चेहरा मी इतकी वर्षं बघतोय, तो असा कधी बघितला नव्हता. भर बाजारात कुणी अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं, तशा त्या बसल्या होत्या. मग त्यांनी तिच्या हातातून हात सोडवून घेतला, उठल्या आणि थेट आत गेल्या. मी त्यांच्या मागे, मुलगी माझ्या मागे.

नर्सनं इंजेक्शन ट्रेमध्ये घेतलं होतं. डॉक्टर स्कॅन बघून म्हणत होते, की रक्तस्राव नाही, चला.

"देऊ नका," बाई म्हणाल्या. "हे सकाळी नाश्त्यानंतर झालंय. दाढी केली तेव्हा तोंड वाकडं होतं. तिथल्या मावशींनी मला सांगितलं."

डॉक्टरांनी हात थांबवला. मघाशी का नाही सांगितलंत, एवढंच त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"लाज वाटली," बाई म्हणाल्या.

ट्रे बाजूला गेला. डॉक्टरांनी मुलीला समजावलं, की आता हे दिलं तर जिवाला धोका आहे, बाकीचे उपचार करू, पण बोलणं आणि उजवी बाजू कितपत परत येईल ते सांगता येत नाही. मुलीनं विचारलं, सकाळीच आणलं असतं तर? कदाचित बोलले असते, डॉक्टर म्हणाले. तोवर मॅनेजर मॅडमही येऊन पोचल्या होत्या. मुलगी त्यांच्याकडे वळली, का थांबलात म्हणून. मॅडम सुरू झाल्या, की आम्ही आमच्या परीनं, माणसं कमी आहेत, आणि वयच झालंय ना.

तेवढ्यात नर्सनं पाठ बघायला काकांना कुशीवर वळवलं. कमरेच्या खाली, हाडावर, तळहाताएवढी जखम होती. तिच्यात पावडर भरलेली होती. ओलसर, साकळलेली, सुगंधी पावडर. मुलीनं तोंडावर हात घेतला. काकांचे डोळे मिटलेले होते.

"माझ्यामुळे थांबले," बाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगत फिरते, घाणेरडा पेशंट घेणार नाही म्हणून. यांना वाटलं, स्वच्छ दिसले की झालं. मलाही तेच वाटायला लागलं होतं. मागच्या खेपेला काकांना नेलं, तेव्हा मोजे नवे आहेत एवढं बघितलं मी. पाठ बघितली नाही."

मी तेव्हाही बोलायला हवं होतं. निदान एवढं, की बाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा मी होतो. पण त्या खोलीत खरं बोलायला एकच माणूस उभा राहिला आणि तो मी नव्हतो.

मुलगी बाईंकडे वळली. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बाईंना सोसलं असतं, ओरडणं त्यांच्या ओळखीचं होतं. ती वडलांजवळ गेली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. काकांनी डोळे उघडले.

आधी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरून त्यांची नजर बाईंवर आली आणि तिथंच थांबली. ती नजर मी टाळायला हवी होती. काकांच्या अंगावरच्या चादरीवर मांड्यांमध्ये एक ओला डाग उमटला आणि पसरायला लागला. त्यांना ते कळलं. डावा हात उचलून तो त्यांनी चाचपडत चाचपडत डागावर नेला. हात पुरेना तशी चादर गोळा करून त्यावर ओढायला लागले. तोंडातून काहीतरी आवाज येत होता, शब्द नव्हता तो. आणि सारा वेळ बघत होते बाईंकडे. तिकीट नसलेला माणूस टीसीकडे बघतो तसे.

बाई कपाटातून कोरी चादर घेऊन पुढे झाल्या. त्या जवळ आल्या तसा काकांचा हात आणखीच घट्ट झाला.

"बाबा, असू दे हो," मुलगी म्हणाली. "कुणी रागावत नाही."

"नाही रागावत, काका," बाई म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "खरंच नाही रागावत."

काकांनी हात काढला नाही. मग मुलीनंच बाईंकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, "ती चादर इकडे द्या आणि तुम्ही जरा बाहेर थांबा. तुम्ही असेपर्यंत ते सोडायचे नाहीत."

बाईंनी चादर तिच्या हातात दिली आणि त्या बाहेर गेल्या.